ओमाचे गुडघे

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला वॅलनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर अर्ध्या चड्डीतला एक परका माणूस तिच्या अंगणात शिरून गाडीमागं ओढायच्या तिच्या कॅरव्हॅनची मापं घेत होता. आधी मागून टेप लावली, मग बाजूनं, मग पार जमिनीवर ओणवा होऊन गाडीला जोडायच्या लोखंडी दांड्याला लावली. प्रत्येक माप तो तळहातावर पेनानं लिहीत होता. वॅल चपला सरकवून बाहेर गेली आणि म्हणाली, "सॉरी हं, मी आतच होते, बेल ऐकू आली नाही." तो म्हणाला, बेल मी वाजवलीच नव्हती. त्याचं नाव रॉड. माउंट गॅम्बियरहून चार-साडेचार तास गाडी हाणत आला होता. "ब्रेंटनशी सगळं ठरलंय. शनिवारी न्यायला येतो. आज इकडे काम होतं, म्हटलं आपल्या गॅरेजात मावते का ते बघून घ्यावं." वॅल म्हणाली, "हो का? सॉरी, जरा धूळ बसलीय तिच्यावर." मग तिनं त्याला चहा दिला. वर बिस्किटंसुद्धा दिली. त्यानं दोन खाल्ली, तिसरं हातात घेऊन गेला. कप विसळताना तिचे हात थांबले. पोटच्या पोरानं आपल्याला न विचारता आपली व्हॅन विकली, आणि आपण माफी कशाची मागितली, तर न वाजलेल्या बेलची! "धन्य आहेस बाई तू," ती नळाकडे बघून मोठ्यानं म्हणाली, आणि वय वर्षं त्र्याहत्तर असूनही तिला लहान पोरीसारखं रडू आलं.

संध्याकाळी ब्रेंटनचा फोन आला. एकुलता एक मुलगा, एकोणपन्नास वर्षांचा, बायको शेली, स्वतः विम्याच्या धंद्यात. जगात काय काय बिघडू शकतं त्याची यादी करायची हेच त्याचं पोट भरायचं काम, आणि आईच्या बाबतीत ती यादी त्याला तोंडपाठ होती. "आई, आपलं बोलणं झालं होतं याबद्दल." बोलणं झालं होतं म्हणजे तो बोलला होता आणि ही बटाटे सोलत होती. बाबा गेले, आता व्हॅन ओढणार कोण? म्हाताऱ्या माणसांच्या वसाहतीतल्या तुझ्या नव्या घरी ती ठेवायला जागा तरी कुठं आहे? आणि गेल्या हिवाळ्यात तू न्हाणीघरात पडलीस, तीन तास तशीच पडून होतीस, ते विसरलीस का? ती विसरली नव्हती. अँब्युलन्समधली ती पोरगी आत आली तेव्हा वॅलनं पहिलं काय म्हटलं असेल, तर, "सॉरी, फरशी ओली आहे." तेही ती विसरली नव्हती. ब्रेंटन वाईट नव्हता. वाईट असता तर किती बरं झालं असतं, चार शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या माणसाशी भांडायचं कसं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिची आई हेडी हिनं शिकवलं होतं ते भलतंच. चूक कुणाची का असेना, आपण आधी सॉरी म्हणून टाकावं, म्हणजे मिटतं. हेडी जन्मभर तेच करत आली. खाटकाला सॉरी, टपालवाल्याला सॉरी, पाय लागला तर खुर्चीलासुद्धा. शेवटी हॉस्पिटलात, मरताना उशीर होतोय म्हणून ती नर्सला सॉरी म्हणाली होती. वॅलनं फोनवर ब्रेंटनला "बरं" म्हटलं. बुधवारी दिवसभर ती व्हॅनमधली भांडी खोक्यात भरत बसली. आणि गुरुवारी सकाळी नऊ वाजता, शाळेची गर्दी ओसरल्यावर, तिनं तीच खोकी परत व्हॅनमध्ये रिकामी केली, पुढचं छोटं चाक वर घेतलं, साखळ्या अडकवल्या, दिव्यांची वायर जोडली, आणि शेजारणीला सांगितलं, "दोन-चार दिवस जाऊन येते." पळून चाललेय असं तिच्या मनातसुद्धा नव्हतं. फक्त एकदा जायचं होतं, शेवटचं. ते झालं की परत यायचं, किल्ल्या ब्रेंटनच्या हातात द्यायच्या, आणि वसाहतीतल्या त्या घरात गपगुमान बसायचं. इतकं साधं ठरलं होतं.

जायचं होतं वुनकारीला. अठ्ठावीस वर्षं ती आणि मर्व या व्हॅनमधून देश फिरले, समुद्राकाठानं, वाळवंटाच्या कडेकडेनं, कुठं कुठं म्हणून नाही. पण ऐन घरापासून एका दिवसाच्या वाटेवरच्या वुनकारीला मर्वनं कधी गाडी वळवली नाही. "तिथं काय आहे? माती," एवढंच म्हणायचा. मर्व गुणाचा नवरा, त्याच्याबद्दल तक्रार करायला तोंड उघडलं तर देव जीभ झाडील. पण कुठं थांबायचं ते तोच ठरवायचा. ती नकाशा धरायची, आणि जागेवर पोचल्यावर मागे उभी राहून हातवारे करायची, अजून ये, अजून ये, बस. एवढं मात्र त्यानं केलं होतं, की फुटबॉलच्या रिकाम्या मैदानावर दोन रविवार तिला स्वतःला ओढायला लावली होती. "मी आडवा झालो तर व्हॅन घरी कोण आणणार?" आडवा झाला तो घरीच, टीव्हीसमोर, चौदा महिन्यांपूर्वी. वुनकारीला खरंच माती होती, लाल, रवाळ, वाऱ्याबरोबर दारात येऊन बसणारी. तिथं वॅलच्या आईचं माहेर. माणसं तीन-चार पिढ्यांपूर्वी जर्मनीतून आलेली. बोली बदलली, गावांची नावं बदलली, पण आजी ती ओमाच राहिली आणि आजोबा ओपा. ओमाचं नाव ओटिली हेन्शके. घरात ओमाची गोष्ट एकाच कामासाठी निघायची, बायकांना धाक घालायला. कुणी जरा मनाचं करायला गेली की मामा म्हणायचे, "बघ हं, ओमासारखं करशील."

ओमानं केलं होतं ते असं. साल एकतीस. सलग तिसरं कोरडं वर्ष, गव्हाच्या जागी वाळूचे ढीग, कुंपणं निम्मी गाडली गेलेली. एके सकाळी ओपा शेतावर असताना बत्तीस वर्षांच्या ओमानं दोन घोडे गाडीला जुंपले, एक गादी टाकली, पिठाचं पोतं, काकडीच्या लोणच्याची बरणी, आणि पाच वर्षांच्या हेडीला उचलून वर बसवलं. थोरली दोन्ही मुलं, नऊ आणि अकराची, मागे ठेवली. चार दिवस गाडी हाकून ती मरे नदीवर गेली आणि अकरा दिवस काठावर राहिली. कशासाठी, ते कुणाला कळलं नाही. बाराव्या दिवशी ओपा आणि चर्चच्या मंडळीतले दोन वडीलधारे मोटारीनं जाऊन तिला घेऊन आले. ऊन डोक्याला चढलं होतं, असं घरात सांगायचे. त्यानंतर पुन्हा कधी तिच्या हातात लगाम दिला नाही, असंही सांगायचे, आणि हे सांगताना मामांचा आवाज समाधानी असायचा. हेडी यातलं काहीच बोलायची नाही. फक्त अगदी शेवटच्या आठवड्यात, डोळे मिटून पडलेली असताना, ती एकदा म्हणाली होती, "तिनं माझे केस नदीत धुतले. साबण नव्हता, तरी धुतले." वॅलनं विचारलं, "मग?" तर हेडी डोळे उघडून म्हणाली, "सॉरी, काही नाही." आमच्या घराण्यातली पहिली कॅरव्हॅनची सहल, वॅलच्या मनात आलं, आणि स्टिअरिंगवर बोटं वाजवत ती एकटीच हसली. तेवढ्यात गाडीतला, रस्त्यावरच्या गाड्यांशी बोलायचा रेडिओ खरखरला. मागचा ट्रकवाला ओरडत होता, "ए निळ्या पट्टीवाली व्हॅन! पायरी खालीच राहिलीय तुझी, आजीबाई! रस्ता खरवडत निघालीस की काय?" "सॉरी, सॉरी," असं ती रेडिओचं बटण न दाबताच म्हणत राहिली, आणि कडेला घेऊन थांबली. पायरी वर करायला मर्व असता तर चुकला नसता. पण मर्व असता तर वुनकारीचा रस्ताही लागला नसता.

ती ऐंशीच्या वर जात नव्हती. मागे तीन गाड्या साठल्या की डाव्या अंगाला घ्यायची, त्यांना हात करायची, तोंडानं सॉरी म्हणायची. अशा चालीनं दुपारी ती नदीवर पोचली, गाड्या नेणाऱ्या तराफ्यावरून पलीकडे गेली आणि काठाला निलगिरीच्या झाडांखाली व्हॅन लावली. ओमा नेमकी कुठं उतरली होती ते सांगायला कुणी उरलं नव्हतं. हा काठ काय, पुढचा काय. एक रात्र राहायचं म्हणून थांबलेली वॅल तिथं पाच रात्री राहिली. सकाळी खुर्ची टाकायची, टोमॅटोचं सँडविच, थर्मासमधला चहा, आणि समोर पाणी. काही करायचं नव्हतं. पाणी तपकिरी होतं, रुंद होतं, आणि त्याला कुठंही जायची घाई नव्हती. पाय चिखलात घातले की बोटांच्या फटींतून थंडगार चिखल वर यायचा, आणि तिला आपल्या आईचं पाच वर्षांचं डोकं दिसायचं, उलटं, ओमाच्या हातांवर तोललेलं. दोन मुलं मागे टाकून आलेली बाई इथं अकरा दिवस काय करत असेल? रडत असेल? झोपत असेल नुसती? की हेच, खुर्चीशिवाय? शनिवारी चमच्यांच्या खणात ठेवलेला फोन सारखा थरथरत राहिला. कधी रेंज यायची, कधी जायची. आई, कुठं आहेस? आई, रॉड आलाय. रॉड बायकोला घेऊन आलाय. रिकामं अंगण दाखवलं मी त्यांना, काय तोंड दाखवू आता? आई, निदान जिवंत आहेस एवढं तरी कळव. ते शेवटचं तिनं दोनदा वाचलं, तरी सोमवारपर्यंत फोन उचलला नाही. का नाही, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सोमवारी "मी ठीक आहे" एवढं धाडलं, आणि मग खाली बसून मोठा मजकूर लिहायला घेतला. ब्रेंटन, सॉरी. रॉडला माझी सॉरी सांग. त्याच्या बायकोलाही. मी असं करायला नको होतं, मला काय झालं होतं कोण जाणे, बहुतेक ऊन लागलं. बुधवारी वुनकारी बघून गुरुवारी व्हॅन आणून देते. लिहून झाल्यावर तिनं वाचलं. सॉरी सात वेळा आलं होतं. तिनं एक कमी केलं. तेवढ्यात रेंज गेली, आणि मजकूर तसाच फोनमध्ये राहिला.

वुनकारीत आता गव्हाचं उंच कोठार, बंद पडलेलं हॉटेल, फुटबॉलचं मैदान आणि बारा-पंधरा घरं. मैदानाच्या कडेला नगरपालिकेनं व्हॅन लावायची सोय केली होती, एक नळ, एक संडास. कोठाराशी रेंज चांगली होती. मजकूर धाडायला अंगठा नेला, आणि मनाशी म्हणाली, उद्या धाडू, आधी बघून तर घेऊ. चर्च विकलं गेलं होतं, त्यात कुणी अ‍ॅडलेडचा चित्रकार राहत होता. चर्चची कागदपत्रं, पितळी भांडी, वेदीवरचं कापड, सगळं गावच्या सभागृहातल्या एका खोलीत मांडून ठेवलं होतं. ती खोली बुधवारी दहा ते दोन उघडी असे. किल्ली डल्सी क्लेमकडे. डल्सी सत्याऐंशीची, वाळक्या काकडीसारखी, पण डोळे असे की भिंतीपलीकडचं दिसावं. वॅलनं नाव सांगितलं तशी ती चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "हेन्शकेची नात? कुठली, हेडीची? अगंबाई! मी तुझ्या ओमाच्या मांडीला मांडी लावून बसायचे चर्चमध्ये. बायकांच्या बाजूला, मागून तिसरा बाक."

तो बाक वॅललाही आठवत होता. सुट्टीत आली की तीही तिथं बसलेली. ओमाचे काळे जाड मोजे, कापराचा वास, आणि पुदिन्याची पांढरी गोळी. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असायचं, वेदीपुढे भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. बाकामागून बाक उठायचा, बायका रांगेनं वेदीपुढे जाऊन गुडघे टेकायच्या, आणि ओमा तेवढी बसून राहायची. दोन्ही गुडघे एका अंगाला वळवून इतरांना वाट द्यायची. त्या जाताना तिच्याकडे बघायच्या नाहीत, हे वॅलला आठव्या वर्षीसुद्धा जाणवलं होतं. ती रिकाम्या बाकावर एकटी राहिली की पाकिटातून गोळी काढून वॅलच्या हातावर ठेवायची. पलीकडे पुरुषांच्या बाजूनं ओपा उठून जायचा, परत यायचा. घरी आल्यावर वॅलनं विचारलं होतं, ओमा का जात नाही गं? हेडीनं लगेच सांगितलं, ओमाचे गुडघे धरतात, टेकवत नाहीत तिला. तेच आता वॅलनं डल्सीला म्हटलं. "बिचारीला जन्मभर गुडघ्यांचा त्रास."

"गुडघे?" डल्सीला हसता हसता खोकला आला. "कुणी सांगितलं तुला? साठाव्या वर्षी मेंढीच्या मागे कुंपणावरून उडी मारलेली मी पाहिलीय तिला. गुडघे म्हणे! तुला ठाऊकच नाही की काय, पोरी?"

त्र्याहत्तरीच्या बाईला पोरी म्हणणारं आता जगात एवढंच माणूस उरलं होतं. डल्सीनं कपाट उघडलं, हातात पांढरे सुती मोजे चढवले आणि एक जाडजूड वही टेबलावर ठेवली. पाळकाची वही. मंडळीतल्या प्रत्येक घराचं त्यात पान, कोण जन्मलं, कोण मेलं, प्रभुभोजनाला कोण आलं, कोण नाही. जुन्या वळणाचं जर्मन अक्षर. डल्सी बोट ठेवून वाचत गेली. नदीवरून परत आणल्यावर मंडळीनं ठरवलं होतं की ओटिली हेन्शके हिनं रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, मी चुकले, माफ करा. म्हटलं की संपलं. तोवर प्रभुभोजन बंद. "त्या काळी असंच होतं. माझ्या काकाला दारूपायी उभं केलं होतं, दोन मिनिटांत म्हणून मोकळा झाला. सगळेच म्हणायचे. न म्हणून जातो कुठं? शेजार तोच, चर्च तेच." डल्सीनं पान उलटलं. एकोणीसशे एकतीस: विचारलं. तयार नाही. बत्तीस: विचारलं. तयार नाही. तेहतीस, चौतीस, पस्तीस, तेच. अक्षर बदललं, नवा पाळक आला: विचारलं. तयार नाही. वाक्य तेवढंच, शाई वेगळी. सत्तेचाळीस साली तिसरा पाळक आला, तो इंग्रजीत लिहीत होता आणि जरा तरुण असावा, कारण त्यानं दोन ओळी जास्त लिहिल्या होत्या. वॅलला त्या स्वतः वाचता आल्या. विचारलं. म्हणाली, मुलांना मागे ठेवून गेले याचं मला वाईट वाटतं, आणि ते मी मुलांना सांगितलं आहे. नदीवर गेले याचं वाटत नाही. ते वाटतं असं मी मंडळीपुढे उभं राहून खोटं सांगणार नाही. पुढं पंचावन्न साली: आता विचारत नाही. आणि अडुसष्ट साली मृत्यूची तारीख.

"सदतीस वर्षं," वॅल म्हणाली.

"आणि एक रविवार चुकवला नाही हो! न येती तर लोक विसरून तरी गेले असते. यायची, ठरल्या जागी बसायची, गाणी सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. आम्ही पोरी घाबरायचो तिला. माझी आई म्हणायची, मान मोडेल पण वाकणार नाही ही बया. पण एक सांगू? आई हे म्हणायची तेव्हा कधी कधी तिच्याच डोळ्यांत पाणी असायचं." डल्सीनं वही मिटली. "मुलांना टाकून गेली हे काही चांगलं केलं नाही तिनं. शेजारणींनी जेवू घातलं पोरांना. ते मी झाकणार नाही."

"नका झाकू," वॅल म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा ऊन रणरणत होतं आणि कोठाराची सावली रस्त्यावर आडवी पडली होती. तिला राग आला होता. इतका, की चालताना पावलं आपटत होती. ओमाचा नाही, आईचा. गुडघे! चांगल्या धडधाकट गुडघ्यांना आजारी पाडलं बाईनं. पाच वर्षांची असताना गाडीवर बसून गेली होती ती, सगळं जाणत होती, केस धुतलेले जाणत होती. आणि पुढं सबंध लहानपण त्या बाकावर बसून आपल्या आईकडे न बघणाऱ्या बायका बघत राहिली. म्हणून मोठी झाल्यावर एकटीनं सगळ्यांची सॉरी म्हणत सुटली, ओमाची राहून गेलेलीसुद्धा, खुर्च्यांना, खाटकांना, नर्सला. आणि वरून तेच माझ्या तोंडात घातलं, गोळी घालावी तसं. हे मनात आलं आणि राग निम्मा आईच्या कीवेत गेला. पण उरलेला निम्मा जाईना, आणि तो जावा असं वॅललाही वाटेना. कबरस्तानात ती उभी राहिली. त्या लोकांत नवराबायकोला शेजारी पुरायची रीत नव्हती, जो ज्या क्रमानं मरेल त्या क्रमानं रांगेत. ओपा दोन रांगा मागे. ओमाच्या एका बाजूला कुणी सुतार, दुसऱ्या बाजूला तीन दिवसांचं बाळ. कुणाला तिला कोपऱ्यात ढकलता आलं नव्हतं. पाळी आली तिथं ती गेली. वॅलला कबरीपुढे काही बोलावंसं वाटलं आणि पहिला शब्द ओठांवर आला तो सॉरी. ती दचकली. किती खोल रुतलेलं असतं हे! तिनं तोंड गच्च मिटलं. मग तिथंच उभं राहून खिशातला फोन काढला, तो सहा सॉरींचा मजकूर उघडला आणि पुसून टाकला. आता काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. फक्त गुरुवारी आपण घरी जाणार नाही एवढं पक्कं झालं होतं, आणि त्याची तिला भीती वाटत होती, आणि भीतीसकट बरंही वाटत होतं. पुढं कुठं? पूर्वेला, नदीच्या वरच्या अंगाला. पायात बळ आहे, गाडी चालवायचा परवाना अजून दोन वर्षांचा आहे, व्हॅन आपली आहे. पुढच्या हिवाळ्यात पडले तर पडले. पडायला वसाहतीतली फरशी कमी टणक असते का?

गुरुवारी सकाळी ती साखळ्या अडकवत होती तेव्हा ब्रेंटनची पांढरी गाडी धूळ उडवत आली आणि वॅलच्या गाडीच्या नाकासमोर आडवी उभी राहिली. मागे कुंपण, पुढं ही. इथं तुझ्या फोनला रेंज टिकली तेव्हा कुठं कळलं आई तू कुठं आहेस ते, असं म्हणत तो उतरला, आणि आधी त्यानं तिला मिठी मारली. घट्ट. त्याला घामाचा आणि गाडीतल्या शिळ्या कॉफीचा वास येत होता. मग सोडून म्हणाला, "काय चाललंय हे? वेड लागलंय का तुला? शेली म्हणते पोलिसांत कळवू. मी चार दिवस झोपलो नाहीये."

"बस. चहा घेतोस?"

"चहा नको मला! ऐक, रॉड अजून तयार आहे. भला माणूस आहे बिचारा. इतका मनस्ताप झाला तरी म्हणतो, आईंनी एकदा बोलावं, म्हणजे विषय संपला. मी लावून देतो. तू फक्त सॉरी म्हण, बाकीचं मी बघतो. व्हॅन मी ओढत नेतो, तू माझी गाडी घेऊन मागून ये. एक शब्द, आई. तुला काय कठीण आहे? दिवसातून पन्नास वेळा म्हणतेस."

त्यानं फोन लावून तिच्या हातात दिलासुद्धा. पलीकडून रॉडचा आवाज आला, "हॅलो? हॅलो, मी ऐकतोय." ब्रेंटन समोर उभा राहून ओठांनी दाखवत होता, सॉ-री. तिच्या जिभेवर तो शब्द आला. आला, दातांपर्यंत आला, सवयीचा, गुळगुळीत, म्हटला की सगळं निवेल असा. कोठारावर पोपटांचा थवा कलकलाट करत होता. "रॉड, मी वॅल," ती म्हणाली. "व्हॅन विकायची नाहीये. ती माझी आहे आणि मी ती विकायला काढली नव्हती. तुम्हाला दुसरी मिळेल." रॉड काहीतरी म्हणायला लागला. तो पुरतं म्हणेपर्यंत ती थांबली, मग म्हणाली, "हो, ऐकलं मी," आणि फोन बंद करून परत दिला.

ब्रेंटननं फोन खिशात टाकला. "एवढं एक म्हटलं असतंस तर काय झिजलं असतं?"

"झिजलं असतं."

"आई, मला भीती वाटते गं." आता त्याचा आवाज फुटला. एकोणपन्नास वर्षांचा, मान उन्हानं लाल झालेली, हात नुसते लोंबकळत सोडलेले. "कुठंतरी रस्त्यात पडशील आणि मला चार दिवसांनी कळेल."

"तुझे फोन मी उचलले नाहीत," वॅल म्हणाली. "जिवंत आहे एवढंही तीन दिवस कळवलं नाही. ते मी वाईट केलं. त्याची सॉरी, तुला. ती खरी आहे. रोज संध्याकाळी फोन करीन, शपथ घेऊन सांगते. पण निघाले त्याची नाही मागणार."

"म्हणजे तू घरी येत नाहीस?"

"येईन की. मन भरलं की येईन. माझंच घर आहे ते, तेही विकू नकोस एवढ्यात." तिनं पायरी वर केली, दाराची कडी ओढून पाहिली. "तुझी गाडी काढ."

"आई, आधी आपण नीट बसून—"

"ब्रेंटन. गाडी काढ."

तो हलला नाही. ती चढून बसली, पट्टा बांधला, इंजिन चालू केलं, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. हॉर्न वाजवला नाही, मान खाली घातली नाही. शेवटी तो वळला, खांदे पाडून आपल्या गाडीत बसला, आणि गाडी मागे घेतली. हातभर. मोठा उपकार केल्यासारखी, हातभर. दारं, आरसे, पाठची रुंद व्हॅन सगळं आकसून, अंग चोरून एखादी निघाली असती तर निघालीही असती तेवढ्यातून. वॅलनं काच खाली केली.

"अजून," ती म्हणाली. त्यानं आणखी थोडी घेतली आणि थांबला.

"अजून मागे घे. मला सरळ जायचंय."